पाटीवरचा तक्ता आणि भिंतीवरचा तक्ता

गेल्या श्रावणात आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात एक लहानसा वाद झाला. बाहेर पावसाची झड लागली होती, खेळाचा तास रद्द झाला होता आणि दहावीची काही मुले शाळेच्या प्रदर्शनासाठी ‘सी’ या भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम तपासून पाहत होती. कोणतीही तारीख द्यावी आणि यंत्राने त्या दिवशीचा वार सांगावा, असा तो प्रोग्राम. एका विद्यार्थ्याने १९ डिसेंबर १९६१ ही तारीख घातली, आणि पडद्यावर ‘मंगळवार’ अशी अक्षरे उमटली. गोवा मुक्त झाला तो दिवस मंगळवारचाच, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही त्याला शाबासकी दिली आणि वर्गाकडे वळणार, तोच एक विद्यार्थिनी पुढे आली.

“सर, उत्तर बरोबर आहे, पण याने महिन्यांचा तक्ता फंक्शनच्या आत लिहिला आहे. म्हणजे प्रत्येक तारखेला यंत्र तो सगळा तक्ता नव्याने लिहीत बसणार. हे बरोबर आहे का?”

“तसे काही होत नाही,” तो विद्यार्थी म्हणाला. “कंपायलर शहाणा असतो. तक्ता कधी बदलत नाही, हे त्याचे त्याला कळते.”

दोघांनीही निवाड्यासाठी आमच्याकडे पाहिले. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. संगणक-कक्षाची किल्ली आमच्याकडे असते ती केवळ वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरतो म्हणून. आम्ही म्हणालो, “अगं, उत्तर बरोबर येते ना? मग इतक्या बारीक गोष्टीत कशाला शिरायचे?” ती काही बोलली नाही, वही मिटून जागेवर जाऊन बसली.

घरी गेल्यावर तिचा तो उतरलेला चेहरा आमच्या डोळ्यांपुढून जाईना. जो प्रश्न आपणांस कळला नाही, तो क्षुल्लक ठरवून मोकळे व्हावे, हा शिक्षकाच्या हातून सहज घडणारा अपराध आहे, आणि तो आमच्या हातून घडला होता. पुढे काही महिने आम्ही जमेल तसे वाचले, जाणत्यांना विचारले, आणि ध्यानात आले की प्रश्न मुळीच क्षुल्लक नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर आज येथे मांडीत आहोत.

प्रथम तो तक्ता कसला, ते पाहू. वार काढण्याची ही रीत तोमोहिको साकामोतो या जपानी गृहस्थांच्या नावाने प्रसिद्ध आहे. तीत बारा महिन्यांसाठी बारा अंक ठरलेले आहेत: ०, ३, २, ५, ०, ३, ५, १, ४, ६, २, ४. सालाचा आकडा घ्यावा. त्यात त्याचा चौथा हिस्सा मिळवावा, शंभरावा हिस्सा वजा करावा, चारशेवा हिस्सा मिळवावा. अपूर्णांक सर्वत्र सोडून द्यावेत. मग त्या महिन्याचा तक्त्यातील अंक आणि तारीख मिळवून बेरजेला सातांनी भागावे. बाकी शून्य उरली तर रविवार, एक उरली तर सोमवार, याप्रमाणे. जानेवारी व फेब्रुवारीसाठी मात्र आधी सालातून एक वजा करावा लागतो, कारण लीप वर्षाचा वाढीव दिवस फेब्रुवारीच्या अखेरीस येतो. आता १९ डिसेंबर १९६१ घ्या. १९६१ अधिक ४९०, उणे १९, अधिक ४, झाले २४३६. डिसेंबरचा अंक ४ आणि तारीख १९ मिळवली की २४५९. सातांनी भागले असता बाकी २, म्हणून मंगळवार. आपली जन्मतारीख घेऊन तुम्हीही हे करून पाहा.

ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, हे बारा अंक कधीही बदलत नाहीत. साल बदलते, तारीख बदलते. तक्ता मात्र जसाच्या तसा राहतो. अशा ओळीने मांडलेल्या अंकांच्या तक्त्यास ‘सी’ भाषेत ‘अ‍ॅरे’ म्हणतात. आम्ही त्यास तक्ताच म्हणू. आणि एखादे ठरावीक काम करण्यासाठी लिहिलेल्या सूचनांच्या संचास ‘फंक्शन’ म्हणतात. आमच्या विद्यार्थ्याने ‘वार काढा’ असे एक फंक्शन लिहिले होते आणि हा तक्ता त्या फंक्शनच्या पोटात ठेवला होता. फंक्शनच्या पोटातील अशा वस्तूला ‘लोकल’, म्हणजे स्थानिक, असे म्हणतात.

यंत्राला ‘सी’ भाषा कळत नाही. त्याला केवळ त्याची स्वतःची अंकांची भाषा कळते. तेव्हा मधे एक दुभाष्या लागतो, तोच कंपायलर. आम्हां कोंकणी भाषकांना दुभाष्याचे काम लहानपणापासून करावे लागते. घरी आईला “म्हाका भूक लागल्या” असे म्हणावयाचे आणि शाळेत तेच “मला भूक लागली आहे” असे लिहावयाचे. शब्द तीनचे चार झाले, त्यांची रूपे पालटली. परंतु आईने ताट वाढावे आणि गुरुजींनी सुट्टी द्यावी, हा परिणाम दोन्हीकडे एकच. चांगला दुभाष्या शब्दाला शब्द ठेवीत नाही. तो आशय राखतो. कंपायलरचेही तसेच आहे. एक प्रकारचे भाषांतर तो शब्दशः करतो. आणि आज्ञा दिल्यास दुसऱ्या प्रकारचे, आशय राखून पण आटोपशीर, असेही करतो. या दुसऱ्या प्रकारास ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणतात. आपण त्यास काटकसरीचे भाषांतर म्हणू.

आता शब्दशः भाषांतर केले तर काय होते? ‘सी’ भाषेचा नियम असा की, फंक्शनला हाक मारली की त्याच्या स्थानिक वस्तू जन्मास येतात आणि फंक्शन संपले की त्या नाहीशा होतात. यंत्राच्या स्मृतीत (सर्वजण जिला मेमरी म्हणतात तीत) यासाठी एक जागा असते. पंगतीच्या वेळी पत्रावळींची चळत जशी रचतात, तशी ती वर वर रचली जाते आणि वरूनच काढली जाते. म्हणून तिला ‘स्टॅक’, म्हणजे चळत, हेच नाव आहे. फंक्शनला हाक मारली की चळतीवर त्याच्या नावाची एक कोरी पाटी ठेवली जाते. त्या पाटीवर बारा अंक लिहावयाचे, त्यांतील एक वाचावयाचा, आणि काम संपताच पाटी पुसून टाकावयाची. पुढची तारीख आली की पुन्हा कोरी पाटी, पुन्हा बारा अंक.

एखाद्या शिक्षकाने रोज प्रत्येक तासाला फळ्यावर बाराच्या बारा ओळी लिहाव्यात, त्यांतील एका ओळीकडे बोट दाखवावे आणि घंटा होताच फळा पुसावा, तसाच हा प्रकार. त्याच वर्गात भिंतीवर तोच तक्ता छापून टांगलेला असेल तर? मग लिहिण्याचे कष्टच नकोत. बोट दाखवले की झाले. यंत्राच्या स्मृतीतही अशी एक भिंत असते. प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच तेथे काही गोष्टी मांडून ठेवलेल्या असतात. सामान्यतः त्या केवळ वाचता येतात, त्यांवर लिहिता येत नाही. प्रश्न एवढाच की, तक्ता पाटीवर राहील की भिंतीवर?

कोणी म्हणेल, बारा अंक लिहिण्यास यंत्राला वेळ तो किती लागणार? १९६१ ते २०६० या शंभर वर्षांचे पूर्ण पंचांग काढावयाचे म्हटले तर ३६,५२५ दिवस होतात. प्रत्येक दिवसाला बारा अंक म्हणजे ४,३८,३०० वेळा लिहिणे. आजच्या यंत्राला ते जाणवणारही नाही. परंतु दुसरे उदाहरण पाहा. संगणकावरील ‘झिप’ संचिका किंवा ‘पीएनजी’ चित्रे यांत मजकूर वाटेत बिघडला नाही ना, हे तपासण्यासाठी ‘सीआरसी-३२’ नावाची पडताळणी असते. तिच्या प्रचलित रीतीत २५६ अंकांचा तक्ता लागतो. प्रत्येक अंक ४ बाइटांचा, म्हणजे एकूण १०२४ बाइट. समजा, एका बाइटाची पडताळणी करणारे फंक्शन कोणी लिहिले, हा तक्ता त्याच्या पोटात ठेवला, आणि भाषांतर शब्दशः झाले. मग १ मेगाबाइटचे, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांचे, एक मध्यम चित्र तपासण्यासाठी १,०७,३७,४१,८२४ बाइट नुसते पाटीवर लिहावे लागतील. एका चित्रासाठी एकशे सात कोटी बाइटांची व्यर्थ मजुरी! त्या मुलीला वाटलेली शंका येथे मोठे रूप धारण करते.

आता तो मुलगा म्हणत होता तो ‘शहाणा कंपायलर’ काय करतो, ते पाहू. ‘सी’ भाषेची प्रमाणसंहिता त्याला एक मोठी मोकळीक देते. प्रोग्रामचे जे वर्तन बाहेरून दिसते, ते लेखकाने लिहिल्याप्रमाणे असले पाहिजे. आत कंपायलरने काय करावे, हा त्याचा प्रश्न. ‘जणू काही तसेच घडले’ असे बाहेरच्याला दिसले म्हणजे पुरे. या एका नियमावर काटकसरीच्या भाषांतराची सारी इमारत उभी आहे. आमच्या तक्त्याच्या बाबतीत या नियमाचे तीन निरनिराळे परिणाम होतात.

पहिला प्रकार सर्वांत सोपा. समजा, फंक्शनमध्ये नेहमी डिसेंबरचाच अंक हवा आहे, आणि हे प्रोग्राम लिहितानाच निश्चित आहे. कंपायलर तक्त्यात डोकावतो, डिसेंबरचा अंक ४ आहे असे पाहतो, आणि तक्त्याच्या जागी सरळ ४ हा आकडा लिहितो. पाटीही गेली आणि भिंतही गेली. कवितेचा अर्थ सांगताना शब्दकोशातून एक शब्द काढून घ्यावा आणि कोश पुन्हा कपाटात ठेवून द्यावा, तसे हे झाले.

दुसरा प्रकार आमच्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रामचा. कोणता महिना येईल, हे आधी ठाऊक नाही; म्हणून तक्ता ठेवलाच पाहिजे. परंतु फंक्शन त्या तक्त्यातून नुसते वाचते. त्यावर काही लिहीत नाही, आणि तो कोठे आहे हे बाहेरच्या कोणासही सांगत नाही. अशा वेळी तक्ता पाटीवर आहे की भिंतीवर, हे बाहेरून ओळखण्याचा मार्गच नाही. म्हणून कंपायलर तो भिंतीवर टांगू शकतो. ‘क्लँग’ नावाचा प्रसिद्ध कंपायलर हे दोन पायऱ्यांनी करतो. प्रथम तो तक्त्याची एक प्रत भिंतीवर ठेवतो आणि फंक्शन सुरू होताच ती पाटीवर उतरवून घ्यावी, अशी सूचना लिहितो. नंतर, काटकसरीचे भाषांतर मागितले असल्यास, पाटीवरील प्रतीतून केवळ वाचनच होते आहे ना, हे तो तपासतो. तशी खात्री पटली की उतरवून घेण्याची सूचना खोडतो आणि सर्व वाचन थेट भिंतीवरून करवतो.

तथापि सगळेच कंपायलर सारखे चतुर नसतात. एकाच कंपायलरच्या निरनिराळ्या आवृत्त्यांतही फरक असतो. काही वेळा तक्ता पाटीवर उतरतोच. फक्त बारा वेळा न लिहिता, एका वेळी १६ बाइट उचलणारी सूचना वापरून, ४८ बाइटांचा तक्ता तीन घासांत उतरवला जातो. काम हलके झाले, परंतु संपले नाही. आणि काटकसरीचे भाषांतर मागितलेच नाही, तर कंपायलर बहुधा शब्दशः भाषांतर करून मोकळा होतो. तेव्हा ‘कंपायलर पाहून घेईल’ ही आशा आहे. ती हमी नव्हे.

तिसरा प्रकार सर्वांत बोधप्रद आहे. स्मृतीतील प्रत्येक वस्तूला एक पत्ता असतो, घराला घरक्रमांक असतो तसा. समजा, आमचे फंक्शन दुसऱ्या एखाद्या फंक्शनला आपल्या तक्त्याचा पत्ता देते आणि म्हणते, ‘यातून बघून काय ते ठरव.’ ते दुसरे फंक्शन वेगळ्या संचिकेत लिहिलेले आहे. कंपायलरला त्याचे अंतरंग दिसत नाही. येथे एक अडचण उभी राहते. तक्त्यावर ‘कॉन्स्ट’, म्हणजे ‘न बदलणारा’, अशी चिठ्ठी आम्ही चिकटवली असली तरीही ती उभी राहते. आणि आरंभी आम्हांसही हे कोडेच वाटले. तक्ता बदलणार नाही हे लेखकाने सांगितले आहे. ते वचन मोडून कोणी त्यावर लिहिलेच, तर त्याच्या परिणामांची जबाबदारी भाषा घेत नाही. मग तो भिंतीवर टांगण्यास हरकत कोणती?

हरकत मजकुराची नसून पत्त्याची आहे. परीक्षेच्या वर्गाची कल्पना करा. दोन विद्यार्थ्यांच्या हाती एकच छापील प्रश्नपत्रिका आहे. अक्षर आणि अक्षर सारखे. तरीही त्या दोन प्रश्नपत्रिका आहेत, एक नव्हे. प्रत्येकीवर क्रमांक घातला असेल तर पर्यवेक्षक त्या वेगळ्या ओळखू शकतील. नुसते प्रश्न वाचावयाचे असतील तर दोन प्रतींची गरज नाही. फळ्यावर एकदा लिहिले तरी चालेल. परंतु ‘तुमची प्रत कितव्या क्रमांकाची?’ असे कोणी विचारण्याचा संभव असेल, तर प्रत्येकास स्वतंत्र प्रत दिलीच पाहिजे.

‘सी’ भाषेत फंक्शन स्वतःलाच पुन्हा हाक मारू शकते. यास ‘रिकर्शन’, म्हणजे पुनरावाहन, म्हणतात. पहिले काम अर्धवट असतानाच त्याच फंक्शनचे दुसरे काम सुरू होते; चळतीवर पहिल्या पाटीच्या वर दुसरी पाटी येते. भाषेचा नियम सांगतो की, या दोन पाट्यांवरील तक्ते म्हणजे दोन भिन्न वस्तू आहेत, आणि एकाच वेळी जिवंत असलेल्या दोन भिन्न वस्तूंचे पत्ते भिन्नच असले पाहिजेत. कंपायलरने दोघांसाठी भिंतीवरचा एकच तक्ता वापरला, आणि त्या अनोळखी फंक्शनने दोन्ही पत्ते ताडून पाहिले, तर ते सारखे निघतील. लेखकाने लिहिले एक आणि दिसले दुसरे, असे होईल. ‘जणू काही’चा नियम मोडेल. असे पत्ते ताडून पाहणारा मनुष्य लाखांत एक असेल. पण कंपायलर परक्याच्या घरात डोकावू शकत नाही. आणि जे ठाऊक नाही ते आपल्या सोयीचेच असेल, असे मानण्याची त्याला मुभा नाही. म्हणून तो निमूटपणे दर वेळी पाटी भरतो. आम्ही ज्याला यंत्राचा बावळटपणा म्हटले असते, तो वास्तविक त्याचा प्रामाणिकपणा आहे.

या प्रामाणिकपणाला बगल देण्याचीही सोय आहे. ‘जीसीसी’ या कंपायलरला एक विशेष आज्ञा देता येते; तिचा भावार्थ असा की, सारखे दिसणारे सर्व स्थिर तक्ते एकच समज. या आज्ञेने पुनरावाहनातील भिन्न पत्त्यांचा नियम मोडतो, असे त्या कंपायलरच्या माहितीपुस्तकातच स्पष्ट म्हटले आहे. ‘क्लँग’मध्ये तर अशी सवलत कोणी न मागताही चालू असे. २०१८ साली ‘लिनक्स’ या विख्यात प्रणालीत, अँड्रॉइड फोनांवर, काही बिघाड आढळले आणि त्यांचे मूळ या सवलतीपर्यंत पोहोचले. लिनक्सच्या रचनाकारांनी ती बंद करविली, आणि त्याच वर्षी ‘क्लँग’नेही न मागता ती देणे थांबवले. चार घास वाचवण्यासाठी नियम वाकवला, की तो केव्हा तरी अनपेक्षित ठिकाणी उलटतो.

या प्रश्नाला थोडा इतिहासही आहे. ‘सी’ भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. ब्रायन कर्निगन यांच्यासह त्यांनी लिहिलेले तिचे पहिले पुस्तक १९७८ साली निघाले. त्या काळच्या ‘सी’मध्ये फंक्शनच्या पोटातील अशा पाटीवरच्या तक्त्याला आरंभीच अंक भरण्याची परवानगीच नव्हती! अंक भरलेला तक्ता हवा असेल तर तो भिंतीवरच टांगावा लागे. १९८९ साली अमेरिकेत भाषेची पहिली प्रमाणसंहिता मंजूर झाली. तिने ही परवानगी दिली, आणि ‘कॉन्स्ट’ ही चिठ्ठीही तिनेच भाषेत आणली. म्हणजे आमच्या दोन विद्यार्थ्यांचा वाद त्या सालापूर्वी उद्भवलाच नसता. सोय वाढली, तसा विचार करण्याचा भारही वाढला.

काटकसरीच्या भाषांतराचे शास्त्र मात्र ‘सी’हून जुने आहे. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम या कंपनीत ‘फोर्ट्रान’ भाषेचा कंपायलर १९५७ साली पुरा केला. यंत्राने केलेले भाषांतर कसलेल्या माणसाच्या हातच्या कामाशी बरोबरी करील, यावर तेव्हा फारसा कोणाचा विश्वास नव्हता. म्हणून त्या मंडळींनी काटकसरीवर फार मेहनत घेतली. त्याच वर्षी फ्रान्सेस अ‍ॅलन नावाची एक तरुणी त्या कंपनीत रुजू झाली. त्या पूर्वी शाळेत गणित शिकवीत असत. शिक्षणासाठी काढलेले कर्ज फेडावे आणि पुन्हा शाळेत जावे, एवढाच त्यांचा बेत होता. कंपनीत त्यांना पहिले काम मिळाले तेही शिकवण्याचेच: तेथल्या शास्त्रज्ञांना फोर्ट्रान शिकवावयाचे. शिकवता शिकवता त्या कंपायलरच्या अभ्यासात शिरल्या आणि तेथेच रमल्या. प्रोग्रामचा प्रवाह कोठून कोठे जातो, कोणती वस्तू कोठे वाचली जाते आणि कोठे बदलते, हे कंपायलरने पद्धतशीर कसे ओळखावे, याचा पाया त्यांच्या कार्याने घातला गेला. ‘या तक्त्यावर कोणी लिहिते का? याचा पत्ता बाहेर जातो का?’ हे आमच्या उदाहरणातील प्रश्न त्याच परंपरेतले. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक त्यांना २००६ सालासाठी मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. २०२० साली त्यांचे निधन झाले. आमच्या शाळेतील मुलींनी हे नाव अवश्य ध्यानात ठेवावे.

आता त्या वादाचा निवाडा. मुलाचे म्हणणे त्याच्या प्रोग्रामपुरते बरेचसे खरे होते. तक्ता नुसता वाचला जात होता, पत्ता बाहेर जात नव्हता. चतुर कंपायलर आणि काटकसरीची आज्ञा असेल, तर तक्ता भिंतीवरच राहिला असता. परंतु मुलीची शंका अधिक खोल होती. तिचे म्हणणे असे की, जे आपल्या मनात आहे ते आपणच का लिहू नये? ‘सी’ भाषेत त्यासाठी ‘स्टॅटिक’ हा एक शब्द आहे. तक्त्याच्या आधी तो लिहिला की अर्थच पालटतो: हा तक्ता संपूर्ण प्रोग्रामभर एकच, प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच भरलेला, फंक्शनला कितीही वेळा हाक मारा, पत्ता तोच. मग कंपायलर चतुर असो वा नसो, पत्ता बाहेर जावो वा न जावो, पाटी भरण्याचा प्रश्नच उरत नाही. साकामोतो यांच्या रीतीचा जो ‘सी’ भाषेतील पाठ सर्वत्र आढळतो, त्यातही तक्त्याच्या आधी ‘स्टॅटिक’ हा शब्द आहेच.

मात्र एक सावधगिरी हवी. ‘स्टॅटिक’सोबत ‘कॉन्स्ट’ लिहिण्यास विसरू नये. भिंतीवरचा तक्ता साऱ्या वर्गाचा असतो. एकाने त्यावर खाडाखोड केली तर पुढच्या प्रत्येक तासाला तीच खाडाखोड दिसेल. ‘स्टॅटिक’ म्हणजे तक्ता एकच. ‘कॉन्स्ट’ म्हणजे त्यावर कोणी लिहावयाचे नाही. दोन्ही शब्द मिळून लेखकाचा पूर्ण हेतू प्रकट होतो. आणि तक्ता खरोखरच दर वेळी बदलून वापरावयाचा असेल, तर पाटीच योग्य. तेथे ‘स्टॅटिक’ लिहिणे हीच चूक ठरेल.

वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आम्ही त्या मुलीला संगणक-कक्षात बोलावले आणि म्हणालो, “त्या दिवशी तू विचारलेस ते आम्हांला कळले नव्हते, म्हणून आम्ही टाळले. तुझा प्रश्न योग्य होता.” ती क्षणभर संकोचली. मग त्या मुलाच्या शेजारी बसून दोघांनी मिळून तक्त्याच्या आधी ते दोन शब्द लिहिले. १९ डिसेंबर १९६१ ही तारीख पुन्हा घातली. उत्तर अर्थात तेच आले: मंगळवार.

विद्यार्थी मित्रहो, बाहेरून पाहणाऱ्याला त्या दोन शब्दांनी काहीच बदलले नाही. परंतु पूर्वी जे कंपायलरच्या मर्जीवर सोडलेले होते, ते आता स्वच्छ शब्दांत लिहिलेले होते. निबंधात असो, पत्रात असो वा प्रोग्राममध्ये असो, समोरचा शहाणा आहे, तो समजून घेईल, एवढ्यावर विसंबून राहू नये. आपल्या मनातले आपण नेमकेपणाने लिहावे. आणि वर्गात एखादी शंका मनात आली, तर ती विचारण्यास कचरू नये. आम्ही शिक्षक मंडळींनी पहिल्या वेळी ती टाळली, तरीदेखील.